लिंबू नाचेपर्यंत

अंजनाला गाता येतं हे तिच्या नवऱ्याला कळलं, तेव्हा त्यांची थोरली लेक बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. मल्हारला तरी किती दोष द्यायचा? लग्न झाल्यापासून तो कोइमतूरला. गलाईच्या दुकानात, म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करायच्या धंद्यात. विट्याच्या आसपास घराआड एखादा माणूस या धंद्यापायी दूरच्या मुलखात जाऊन बसलेला असतो. मल्हार दिवाळीला आणि जत्रेला घरी यायचा, तोही पाहुण्यासारखा. पाहुण्यासमोर कोण गातं?

मग भागीदारानं दुकान गुंडाळलं आणि मल्हार कायमचा घरी आला. मायणीच्या रस्त्याला त्यांचं घर, मागं परडं, परड्यात दोन शेळ्या. एका सकाळी तो ओसरीवर चहाची वाट बघत बसला होता आणि मागून आवाज आला. बाईचाच, पण पातळ नाही. खालून उचललेला, मध्येच थोडा खरखरणारा, आणि वर गेल्यावर एकदम स्वच्छ होणारा.

"अगं, रेडिओ कुणी लावलाय सकाळी सकाळी?"

"रेडिओ कुठला? शेळी पान्हा सोडंना, म्हणून म्हणत हुते," अंजना दुधाचं भांडं घेऊन आत येत म्हणाली.

मल्हार तिच्याकडं बघतच राहिला. एवढी वर्षं घरात असलेल्या पेटीत कुणीतरी अजून एक कप्पा दाखवावा, तसा. त्या बघण्याचं अंजनाला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

हा आवाज तिच्या बापाचा होता. अर्जुना म्हसवडच्या पलीकडच्या एका वाडीतला ओवीकार. बिरोबाच्या देवळापुढं ढोल आणि कैताळ, म्हणजे मोठ्या झांजा, सुरू झाले, की एका कानावर हात ठेवून तो अशी ओवी उचलायचा, की म्हातारी माणसं बसल्या जागी सावरून बसायची. ओवी पुरुषांनी म्हणायची, बायकांनी लांब बसून ऐकायची, हा रिवाज. कुणी तो घालून दिला असं नाही, आणि कुणी मोडलाही नाही. अंजना शिकली ती मेंढरांमागं चालताना. दिवाळी झाली की ते कुटुंब कळप घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायचं. पुढं बाप आणि मेंढरं, बापाच्या बोटाला अंजना, आणि बरंच मागं घोड्यावर संसार लादून चालणारी तिची आई, मनुबाई.

त्या वाटेवर अर्जुनानं एक ओवी रचली होती, बायकोवर.

मेंढरं गेली म्होरं, मागनं घर चालतंया
तीन दगडांचं घर, माझ्या मनूच्या डोईवर
वाट सरती सांजंला, तवा तिची चूल पेटती
बिऱ्हाड कुठं बी पडू दे, हितंच माझं गाव म्हणती

अशी बरीच मोठी होती. पण देवळापुढं त्यानं ती कधी म्हटली नाही. देवावर म्हणायची, मेंढरावर म्हणायची, बायकोवर ओवी म्हणणारा धनगर कुणी बघितला होता? म्हणायचा ती माळावर, मेंढरांपुढं. मनुबाई कोसभर मागं. वारं तिच्याकडं फिरलं तर तिला आपलं नाव तेवढं तुटक तुटक ऐकू यायचं.

अर्जुना गेला. त्यानंतर माहेरी गेली की अंजना आईला ती ओवी म्हणून दाखवायला बघायची. दोन ओळी झाल्या की मनुबाई हात झाडायची.

"ऱ्हाऊ दे. घरात काय, चुलीला बी ठावं हाय ते."

"मग कुठं म्हणू, आये?"

"चार माणसांत म्हण. जत्रंत. माझ्यावर काय म्हटलं हुतं त्यानं, ते माझ्याबरोबरीच्या बायास्नी कळू दे. येवढंच हाय माझं."

आता जत्रेत बाईला ओवीला कोण उभं करणार? अंजनानं तो विषय मनात गुंडाळून ठेवला होता. मल्हारनं तो आवाज ऐकला त्या सकाळी तिनं तो पुन्हा उलगडला.

मल्हारचा पुतण्या बिरदेव. विट्यात त्याचा साउंड होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीसारखे खोके रचून मिरवणुकीत वाजवायचा तो साउंड. नव्या गाण्यांची त्याला कायम भूक. काका-पुतण्यांनी ठरवलं, घरातच रेकॉर्डिंगची खोली करायची. कांदे ठेवायची दहा बाय दहाची खोली रिकामी केली. चारी भिंतींना घोंगड्या टांगल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ही युक्ती मल्हारचीच, आणि तिचं त्याला फार कौतुक. कराडच्या एकाकडून जुना लॅपटॉप आणि माइक आणला. राहिले स्पीकर, ते सांगलीहून आणायचे होते.

"साधं स्पीकर चालत न्हाईत, काकू," बिरदेवनं अंजनाला समजावलं. "मिक्सिंगला मॉनिटर लागत्यात. साधं स्पीकर गोड करून सांगत्यात. मॉनिटर हाय तसं सांगतो. ढोल किती, आवाज किती, समदं त्याच्यावर ऐकूनच ठरवायचं."

हाय तसं सांगतो, हे अंजनाला फार आवडलं. ती म्हणाली, "मी बी येते सांगलीला."

"तू काय करणार तिथं?" मल्हार म्हणाला.

"ऐकीन."

पहिली ओवी आपली हीच, आणि ती माहेरच्या जत्रेत वाजवायची, हे तिनं मल्हारकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. त्या वाडीच्या जत्रेला यंदा बिरदेवचाच साउंड ठरला होता. बाई देवळापुढं उभी राहून गाऊ शकत नसेल, पण तिचा आवाज खोक्यातून आला तर त्याला कोण अडवणार? तिनं आईला फोन करून सांगितलं. मनुबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लुगडं कुठलं नेसू?"

सांगलीचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. मालक जयराज, चाळिशीतला, बोलायला मऊ. परवडतील अशा जोड्या त्यानं एका लांब टेबलावर मांडल्या. एक पाच इंची, काळी, दिसायला अगदी बापुडवाणी. एक आठ इंची, पुढचा पडदा पिवळाधमक. आणि अजून एक, जिच्याकडं कुणी बघितलंच नाही.

बिरदेवनं खिशातून लिंबू काढलं.

इथं लिंबाचं सांगायला हवं. साउंड रस्त्यावर काढायच्या आधी खोक्यांना भंडारा लावायचा आणि वर लिंबू ठेवायचं, दृष्ट लागू नये म्हणून. सगळीकडंच ठेवतात. पण या पोरांनी त्यातून एक परीक्षा काढली होती. ढोलाच्या पहिल्या थापेला लिंबू उडून पडलं, तर साउंड खरा. जागच्या जागी थरथरलं, तर बरा. हललंच नाही, तर तो साउंड पुन्हा त्या गावात जायचा नाही. दोन गावांचे साउंड समोरासमोर आले की कुणाचं लिंबू लांब पडलं यावर हाणामारीपर्यंत जायचं.

जयराजनं लिंबू बघून डोकं खाजवलं. "अहो, हे मॉनिटर आहेत. हे नाचवायला नसतात, ऐकायला असतात."

"ऐकू तर मोबाइलवर बी येतंय, साहेब," बिरदेव म्हणाला.

अंजनानं आणलेला पेन ड्राइव्ह पुढं केला. त्यात मोबाइलवर भरलेल्या ओवीच्या चार ओळी होत्या, मागं मल्हारचा ढोल. जयराजनं आधी बारकी जोडी लावली, बिरदेवनं तिच्यावर लिंबू ठेवलं.

अंजनाला वाटलं कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. ओळ उचलायच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला. 'मनूच्या' म्हणताना आवाज जिथं खरखरतो, ती जागा ऐकू आली, आणि ती जागा तिच्या बापाची होती. परड्यातल्या शेळीची घंटासुद्धा वाजली. 'सरती' या शब्दाला ती किंचित घसरली होती, तेही लपलं नाही. आपण असं गातो, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून ती स्पीकरच्या मागच्या वायरी बघत राहिली.

लिंबू ढिम्म हललं नाही.

मग आठ इंची लावली. ढोल पडला तसं टेबल हादरलं, लिंबू उडून जयराजच्या गल्ल्यापाशी गेलं आणि बिरदेवनं शिट्टी मारली. आवाज मात्र कुणी दाराआडून गात असावं तसा.

"ते बारकं घ्या," अंजना म्हणाली.

"कुठलं?"

"पहिलं. त्याच्यात माणूस कळतंय."

बिरदेव हसला. "काकू, त्यो मच्छर हाय मच्छर."

"बारकं घेऊन गेलो तर गाव हसंल," मल्हार म्हणाला. "म्हणंल, कोइमतूरला सोनं गाळलं आन् आणलं काय, तर पोरांचं खेळणं."

जयराजनं विचारलं, "खोली केवढी आहे?"

"धा बाय धा."

"मग पाच इंची पुरे होतात. आठ इंची एवढ्याशा खोलीत घुमतील. मोकळा आवाज लावताच येणार नाही तुम्हाला."

"घुमत न्हाई. घोंगड्या लावल्यात समद्या भिंतींस्नी."

दुकानदारानं किती वेळ भांडावं? त्यानं आठ इंचीचं खोकं काढायला सांगितलं आणि सहज विचारलं, "वहिनी, हा आवाज तुमचा आहे का?"

"ती घरात म्हणती आपली," मल्हारनंच उत्तर दिलं.

निघताना पेन ड्राइव्ह टेबलावरच राहिला होता. जयराज तो घेऊन जिन्यापर्यंत आला आणि तिच्या हातात देत म्हणाला, "चांगला आवाज आहे, वहिनी." या सगळ्या प्रकरणात तिच्या आवाजाबद्दल एवढं सरळ बोललेला तो एकटा.

परतताना बिरदेवच्या टेम्पोत दोन मोठी खोकी होती, आणि ती पडू नयेत म्हणून अंजना दोन्ही हातांनी धरून बसली होती.

घरी स्पीकरची पूजा झाली. भंडारा लावला, पिवळ्या पडद्यावर पिवळा भंडारा दिसेना म्हणून जरा जास्तच लावला. लिंबू ठेवलं. मल्हारनं पहिला ढोल मोठ्यानं लावला, लिंबू उडालं, सगळे खूश. पाचव्या मिनिटाला शेजारचे दादासो दारात.

"मल्हारराव, आमची म्हातारी पलंगासकट हालाय लागलीया. ती हिकडची न् तिकडची व्हायच्या आत बंद करा."

त्यांची आई महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेली. घोंगड्यांनी अंजनाचा आवाज अडला असता, ढोलाला त्या काय करणार? त्या दिवसापासून स्पीकर बारीक आवाजात लावायचे असं ठरलं. म्हणजे जयराज बोलला तेच. पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. अंजनानंही नाही, घरात नवीन वस्तू आलेली, पुरुषांचं तोंड कशाला पाडा.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ती न्हाऊन, केस बांधून माइकपुढं उभी राहिली आणि नकळत तिचा हात बापासारखा कानावर गेला. एका दमात तिनं पूर्ण ओवी म्हटली. मल्हारनं गळ्यातल्या टॉवेलनं डोळे पुसले. "तुझ्या बाची याद आली गं," म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. हे सारखं सारखं आठवावं लागायचं, एवढंच.

मग मिक्सिंग सुरू झालं.

बारीक आवाजात ढोलाला दम वाटेना. आणि लिंबू? लिंबू तर स्पीकरवर गुरवासारखं स्वस्थ बसून.

"काका, ढोल कमी पडतोय. लिंबू बघा की."

"वाढीव मग."

बिरदेवनं ढोल वाढवला. लिंबू बसलेलं. अजून वाढवला. कैताळही वर घेतले. ढोलाखाली गुं गुं करणारा एक बेस घातला. लिंबू किंचित कापलं. दोघंही त्याच्याकडं डोळे लावून बसलेले. कान कुणाचेच कामाला नव्हते.

अंजना चहा घेऊन दारात उभी होती. "मी ऐकू येईना त्यात."

"येतंय की! 'तीन दगडांचं', बघ, आलं," मल्हार म्हणाला.

त्याला येत होतं खरं. इतक्या वेळा ऐकून त्याला शब्द पाठ झाले होते. पाठ असलेलं माणसाला भिंतीपलीकडूनही ऐकू येतं.

"जत्रंत लोकांस्नी कुठं पाठ असणार हाय?"

"काकू, बाईमाणसाचा आवाज कसाबी वर येतोय. चिरत येतोय," बिरदेव म्हणाला. "ढोल खाली गेला तर पोरं नाचणार न्हाईत. आन् पोरं नाचली न्हाईत तर गाणं फुकट."

"माझी आये नाचाय येत न्हाई, ऐकाय येतीया."

"तुझी आये येकटी हाय. पोरं शंभर हायत," मल्हार म्हणाला, हसतच. चहा घेतला, कप परत दिला.

एकदा दोघं विट्यात गेले असताना ती खोलीत शिरली. लिंबू उचलून खिडकीत ठेवलं. लॅपटॉपवर बिरदेव कुठं बोट ठेवतो हे तिनं नीट बघून ठेवलं होतं. ढोलाची पट्टी तिनं खाली ओढली, बेसची पार तळाला नेली, आणि आपली हळूच वर केली, नको इतकी नाही. मग बारीक आवाजात लावून ऐकलं. त्या दाराआडच्या स्पीकरमधूनही आवाज पुढं आला. सांगलीसारखा नाही, पण उंबऱ्यापर्यंत आला. तिनं पुन्हा पुन्हा ऐकलं. आई जत्रेत कडुलिंबाखाली उभी आहे आणि ऐकतेय, असं तिनं डोळ्यांपुढं आणून बघितलं.

संध्याकाळी बिरदेव ओरडला, "आरं, सेटिंग कुणी हालवलं? काका, काकूंस्नी सांगा, हात लावायचा न्हाई. येवढं राबून लिंबू नाचवलं हुतं."

"का गं?" मल्हारनं विचारलं.

"पुसताना धक्का लागला आसंल," अंजना म्हणाली. आपण असं का बोललो, याचा राग तिला पुढं कितीतरी दिवस येत राहिला.

बिरदेवनं सगळं होतं तसं केलं, वर थोडी भर घातली. लिंबू नाचलं, कलंडलं आणि खाली पडलं. काका-पुतण्यांनी टाळी दिली. गाणं तयार झालं.

जत्रेच्या दिवशी वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कलत्या दुपारी पालखी निघाली. मनुबाई इरकली लुगडं नेसून, कपाळभर भंडारा लावून, कडुलिंबाच्या झाडाखाली सगळ्यात पुढं उभी होती. तिच्याभोवती तिच्या बरोबरीच्या म्हाताऱ्या आणि त्यांच्या सुना. तिनं सगळ्यांना घरोघरी जाऊन सांगितलं होतं. अंजना येताच तिनं तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

ट्रॉली आली. वर खोक्यांची भिंत, सगळ्यात वरच्या खोक्यावर लिंबू. मल्हार पुढं फेटा बांधून. त्यानं लांबूनच अंजनाकडं बघून मान हलवली, आता, अशी.

ढोल पडला. पायाखालची माती हादरली. कडुलिंबाच्या पानांवरची धूळ खाली आली. अंजनाला पहिल्याच थापेला कळलं, हे आपलं. चार थापांनंतर आपला आवाज येतो. तिनं श्वास धरला. एक, दोन, तीन, चार.

आवाज आला नाही.

म्हणजे आला असेल. कान अगदी टवकारले तर त्या धडधडाटाच्या माथ्यावर एखादी माशी बरणीत अडकावी तसं काहीतरी किणकिणत होतं. घरात बारीक आवाजात वाढवून ठेवलेला ढोल इथं डोंगराएवढा झाला होता, आणि त्याच्याखाली ओवी, बाप, तीन दगड, सगळं गेलं. पोरं मात्र वेडी झाली. भंडारा उधळला, शिट्ट्या, हात वर. लिंबू केव्हाच उडून गर्दीत गेलं होतं. "आरं, परत, परत!" पोरं ओरडली. बिरदेवनं परत लावलं.

मनुबाईनं लेकीच्या कानाला तोंड लावलं. "तुझं कवा लागायचं गं?"

अंजनानं ट्रॉलीकडं बघितलं.

"आं? कवा लागायचं?"

"लागंल की. दम धर."

तिसऱ्यांदा तेच लागलं. उन्हं तोंडावर आली. मनुबाई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होती, पण जागा सोडत नव्हती. मागं एक म्हातारी म्हणाली, "मने, तुझी लेक सांगलीला जाऊन गाणं आणणार हुती, त्ये वाटंतच सांडलं जणू." बायका फिदीफिदी हसल्या. एक सून म्हणाली, "मनूआत्ती, तवर ह्येच आयका, लय भारी हाय."

"हाय खरं," मनुबाई म्हणाली, भल्या माणसानं दुसऱ्याच्या पोराला बरं म्हणावं तशी. "कुणाचं हाय गं ह्ये, अंजे?"

"म्हाईत न्हाई," अंजना म्हणाली.

ट्रॉली पुढं सरकली. वळणावर गेली, देवळामागं गेली, आणि धडधड तेवढी जमिनीतून येत राहिली. बायका पांगल्या. मनुबाई अजून उभीच.

"न्हाई लावलं व्हय?"

"न्हाई लावलं, आये."

मनुबाईनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे. मनाला लावून घिऊ नगं. बापयमाणसं ती. तुझ्या बानं तरी कवा म्हटली चार माणसांत?" मग खाली वाकून तिनं धुळीतून काहीतरी उचललं, पदरानं पुसलं. लिंबू होतं, एका बाजूनं चेपलेलं. "चांगलं हाय की. चल, सरबत करते. उनातनं उभी हाईस कवाधरनं."

परत येताना मल्हारचं तोंड थांबत नव्हतं. चार गावांनी तेच गाणं मागितलं होतं. पुसेसावळीच्या पोरांनी तर दुसरं कधी करताय म्हणून विचारलं होतं. "तुझं गाणं गाजलं, अंजे! तुझी आये काय म्हणाली?"

"भारी हाय म्हणाली."

"बघ! आन् तू उगंच."

पुढं आठवड्याभरानं त्यानं दुसऱ्या गाण्याचं काढलं. अंजना म्हणाली, घसा बसलाय. महिन्यानं विचारलं, तरी घसा बसलेलाच. मल्हारनं काढा करून दिला, डॉक्टरकडं नेतो म्हणाला. मग विट्यातली पूजा नावाची मुलगी गायला यायला लागली, आणि विचारणं आपोआप थांबलं. मुलगी चांगली गाते. किती चांगली, ते तिलाही माहीत नाही. त्या स्पीकरवर कळत नाही.

शेळ्यांची धार अंजना आता मुकाट काढते. त्यांनाही सवय झालीय. ती पोरगी यायच्या दिवशी अंजना कांद्याची खोली झाडते, घोंगड्या झटकते, पिवळ्या पडद्यावरची धूळ फडक्यानं टिपते. आणि मिक्सिंगला बसायच्या आधी बिरदेव आतून हाक मारतो, तेव्हा फडताळातून निवडून एक ताजं लिंबू नेऊन देते.